एचआयव्हीतील मेदक्षय आणि फिलर उपचार

एचआयव्हीची जुनी औषधे वर्षानुवर्षे घेतलेल्या काही रुग्णांच्या गालांतली, कानशिलांतली, हातापायांतली आणि नितंबांतली त्वचेखालची चरबी झडते. वैद्यकात याला लायपोॲट्रोफी म्हणतात. घरात म्हणतात ‘गाल बसले’, आणि कुणी जास्तच स्पष्टवक्ते असेल तर ‘खप्पड दिसायला लागलास’. बसलेला गाल इंजेक्शनने भरून काढणे म्हणजे फिलर उपचार.

ही झीज आणि एड्समधले खंगणे एक नव्हे. खंगताना वजन उतरते, स्नायूही जातात. इथे वजन टिकून असते, सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) वर गेलेला असतो, रक्तात विषाणू सापडत नाही, माणूस रोज कामावर जातो. आणि चेहरा मात्र आजाऱ्याचा दिसतो. काहींच्या पोटावर आणि मानेमागे उलट चरबी साठते. नव्वदच्या दशकात लोक एड्स ओळखायला शिकले ते बसलेल्या गालांवरून. त्यामुळे गोळ्यांनी जीव वाचवला आणि गुपित फोडले, अशी विचित्र अवस्था होते. फिलरला सौंदर्योपचाराच्या खात्यात टाकणे म्हणूनच फारसे बरोबर नाही.

दोष मुख्यतः दोन औषधांचा: स्टॅव्ह्युडिन आणि, त्याहून कमी प्रमाणात, झिडोव्ह्युडिन. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रे; त्यांच्या डीएनएची नक्कल काढणाऱ्या पॉलिमरेज गॅमा या विकराला (एन्झाइमला) ही औषधे अडवतात. चरबीच्या पेशींची ऊर्जा आटते आणि त्या मरतात. भारतात १ एप्रिल २००४ रोजी आठ सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) सुरू झाली, तेव्हा स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन यांची एकत्र गोळी हाच मोठा आधार होता. ती स्वस्त होती, दिवसातून दोनदा घ्यायची होती आणि तिने असंख्य लोक जगवले, हे विसरून चालणार नाही. पुण्याचा या आजाराशी संबंध त्याआधीचा: राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये पुण्यात स्थापन झाली, आणि मोफत उपचारासाठी पुढे ससून या सरकारी रुग्णालयात एआरटी केंद्र आले. पश्चिम भारतातील रुग्णांत या गोळ्यांनी होणारे चरबीचे बदल पुण्यातल्या डॉक्टरांनी २००५ मध्येच शोधनिबंधातून मांडले होते. जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्याने बंद करा असे सांगितले ते २००९ मध्ये.

पहिला उपाय औषध बदलण्याचा. टेनोफोव्हिर किंवा अबॅकॅव्हिर या एचआयव्हीच्याच दुसऱ्या औषधांवर आणल्यास झीज थांबते आणि हातापायांवर चरबी हळूहळू परतते. गालांवर ती पुरेशी परतेलच असे नाही. भरपूर तूप खाऊन गाल भरत नाहीत, हेही इथेच सांगायला हवे. साठवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात, तूप जाते पोटावर.

यासाठी सर्वांत आधी नावारूपाला आलेला फिलर म्हणजे पॉलि-एल-लॅक्टिक ॲसिड. युरोपात तो १९९९ मध्ये आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्याला मान्यता दिली तीच मुळी एचआयव्हीतल्या गालांसाठी, सुरकुत्यांचा नंबर नंतर लागला. कुपीच्या तळाशी पांढरी वडी असते. तीत निर्जंतुक पाणी घालून ती भिजू द्यायची, मग सुईने त्वचेच्या खोल थरात थोडे थोडे सोडायचे. सुई काढल्यावर गाल भरलेला दिसतो आणि रुग्ण आरशात पाहून खूश होतो. पण ते पाणी असते, दोन-चार दिवसांत ओसरते. खरा भराव नंतरचा: कणांभोवती शरीर स्वतःचे कोलॅजन (त्वचेला आधार देणारे प्रथिन) विणते. त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा बैठका लागतात आणि परिणाम सुमारे दोन वर्षे टिकतो. घरी गाल चोळायचे ते दिवसातून पाच वेळा, पाच मिनिटे, पाच दिवस. हा आळस केला तर त्वचेखाली गाठी हाताला लागू शकतात.

कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट या दुसऱ्या फिलरला अशीच मान्यता २००६ मध्ये मिळाली. पुण्यातल्या त्वचा-क्लिनिकांत रोजच्या वापरात जास्त असतो तो हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर. त्याचा मोठा गुण असा, की बिघडले तर हायल्युरॉनिडेज हे विकर टोचून तो विरघळवता येतो. पातळ सिलिकॉन स्वस्तात भरून देणाऱ्यांपासून लांब राहावे: ते कायमचे बसते, सरकते, वर्षांनंतरही गाठी करते. स्वतःच्याच पोटाची चरबी काढून गालात भरण्याचा मार्गही आहे, मात्र अनेकांकडे काढण्याजोगी चरबीच नसते.

सूज आणि काळेनिळे डाग नेहमीचे. क्वचित फिलर रक्तवाहिनीत शिरून त्वचा मरते किंवा दृष्टी जाते, म्हणून चेहऱ्याची शरीररचना जाणणाऱ्या डॉक्टरचाच हात हवा. त्या डॉक्टरला चालू गोळ्यांची खरी यादी द्यावी. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने भेदभाव ठरतो. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

अडते ते पैशांशी. एकेका सिरिंजचा खर्च हजारांत जातो, आणि खोल गेलेल्या गालाला एक पुरत नाही. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने २०१० मध्ये हा खर्च द्यायचे मान्य केले, पण चेहऱ्यामुळे नैराश्य आलेले असावे ही अट घातली. गाल बसले एवढे पुरेसे नाही, मनही बसलेले दाखवा, असाच त्याचा अर्थ.

आज डोल्युटेग्रॅव्हिर या नव्या औषधावर सुरुवात करणाऱ्यांत हा प्रकार जवळपास दिसत नाही. त्यांची तक्रार वजन वाढल्याची असते. फिलरसाठी विचारणारे बहुतेक स्टॅव्ह्युडिनच्या काळातले जुने रुग्ण. त्यांच्या नितंबांवरची गेलेली चरबी मात्र सिरिंजने भरून निघण्याच्या मापाची नसते. ओपीडीच्या लाकडी बाकावर तासभर बसायचे तर हाड टोचते, तेव्हा पिशवीत घडी घातलेला टॉवेल ठेवणे हाच तिथला उपाय.