‘केन’ची काठी : वेत, बांबू आणि कायद्यातलं ‘झाड’

मुंबईतल्या दुकानात ‘केनची काठी’ मागितली तर तीन निरनिराळ्या वस्तू समोर येऊ शकतात: वेताची, भरीव बांबूची, किंवा साध्या लाकडावर गाठी कोरून केलेली. साखर कारखान्यावर केन म्हणजे ऊस, ते आणखी वेगळंच. हा घोळ नुसता भाषेचा नाही. काठी कशी वाकेल, कुठे चिरेल आणि तिचा माल आणताना कागद लागतील का, हे सगळं त्या एका शब्दाच्या अर्थावर ठरतं.

जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात मिरवलेली ‘मलाक्का’ काठी मुख्यतः सुमात्रातल्या वेताची. मलाक्का हे फक्त व्यापाराचं बंदर. तिचं मोल दोन गाठींमधल्या अंतरात होतं: काठीभर लांबी आणि मध्ये एकही गाठ नाही. अशा वेताच्या एका बाजूने उभी धार जाते, त्यामुळे तो हातात अगदी गोल लागत नाही. चोरबाजारात जुनी काठी चाचपताना ही धार आधी शोधावी.

मुठींचा इतिहास मात्र कायद्याने दोन तुकड्यांत तोडला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापार बंद झाला, १९९१च्या दुरुस्तीने आयात केलेल्या दंताचाही. आज ‘हस्तिदंती मूठ’ म्हणून दाखवलं जातं ते बहुधा हाड किंवा प्लास्टिक असतं. हाडावर बारीक काळसर ठिपके दिसतात. खऱ्या दंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषा असतात. त्या दिसल्या तर वस्तू घेऊच नये. मूठ फिरवल्यावर सैल होऊन आतून पातं निघालं तर ती गुप्ती. शस्त्रविषयक नियमांत ती तलवारीच्याच रांगेत बसते.

खरा वाद अलीकडचा. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात ‘झाड’ या व्याख्येत ताड-माड, बांबू, बुंधे, झुडपं आणि वेत अशी सगळी नावं एका ओळीत होती. नोव्हेंबर २०१७च्या अध्यादेशाने त्यातून ‘बांबू’ हा एकच शब्द काढला. पुढे त्याचा कायदा झाला. वनाबाहेर लावलेला बांबू तोडायला आणि न्यायला त्या कायद्याखालचा परवाना लागेनासा झाला. जंगलातला बांबू वनउपजच राहिला, आणि आक्षेप नेमका तिथेच होता: सुटका बांधावरच्या बांबूची झाली, वनात राहणाऱ्यांच्या नाही.

समर्थनात सांगितलं गेलं की बांबू हे गवत आहे. हे खरं, पण शास्त्रच लावायचं तर ताड-माडही काटेकोर अर्थाने झाडं नव्हेत, आणि वेत हा त्यांचाच वेलीसारखा चढणारा भाऊबंद. ते दोघं मात्र व्याख्येत राहिले. उलट २००६च्या वनहक्क कायद्यात बांबू आणि वेत दोन्ही गौण वनउपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून वनातून मिळणारा माल, आहेत. म्हणजे तोच वेत एका कायद्यात झाड, दुसऱ्यात नाही. एवढी गाठ बांधून ठेवल्यावर दुकानदाराने सगळ्याला ‘केन’ म्हटलं तर त्याला एकट्याला दोष देता येत नाही.

ओळख पटवायला कापलेलं टोक पाहावं. वेताला सर्वत्र सूक्ष्म छिद्रं असतात. बांबू पोकळ असतो, भरीव असला तरी कडेचा भाग दाट आणि मधला विरळ दिसतो. गाठीवर उंच कडं असतं. वेत वाफेवर वाकतो: २० मिमी जाडीला पाऊण तास वाफ, मग मिनिटाभरात साच्यावर ओढून बांधायचा आणि काही दिवस तसाच ठेवायचा. सुटल्यावर तो थोडा उलगडतो, म्हणून साचा हव्या त्या वळणापेक्षा घट्ट घ्यावा. घाई केली की बाहेरच्या बाजूची साल तडकते.

कोकणातला माणगा बांबू जवळजवळ भरीव आणि बिनकाट्यांचा, म्हणून काठीला उत्तम. तीन-चार वर्षांची काठी पावसाळा संपल्यावर तोडावी; कोवळ्या काठीत पिष्ट जास्त, त्याला भुंगा लागतो आणि खाली पिवळसर भुकटी पडू लागते. सावलीत महिना-दीड महिना वाळवून निखाऱ्यांवर फिरवत तापवावी, सालीवर तेलकट घाम आला की सरळ करून ओल्या फडक्याने थंड करावी. एकाच जागी आंच लागली तर डाग जात नाही.

लाकडी मूठ फळीतून आकड्यासारखी कापू नये. जिथे रेषा आडव्या जातात तिथेच ती मोडते. आठ मिमीचा आटे असलेला गज मुठीत आणि दांड्यात पाच-पाच सेंमी उतरवून चिकटवला तर सांधा टिकतो. लाखेचं पॉलिश मुंबईच्या पावसाळ्यात पांढुरकं पडतं, तिथे जवसाचं तेल बरं. पितळी टोक देखणं दिसतं, पण ओल्या लादीवर घसरतं, म्हणून काठीच्या टोकाला रबरी बूट हवाच. लांबी शेवटी कापावी: चप्पल-बूट घालून उभं राहायचं, हात सैल सोडायचा, जमिनीपासून मनगटाच्या वळीपर्यंतचं माप घ्यायचं आणि त्यातून रबराच्या तळाची जाडी वजा करायची.