धपापत्या छातीने धरलेला नेम

रायफलीच्या नळीचं टोक अर्ध्या मिलिमीटरनं हललं, तरी 50 मीटरवरचा नेम हुकतो. बायथलॉनमध्ये, म्हणजे स्कीइंग आणि रायफलची नेमबाजी एकत्र असलेल्या खेळात, पालथं पडून नेमबाजी करताना लक्ष्याचा व्यास 45 मिलिमीटर असतो, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साडेबावीस. खांद्यापासून नळीचं टोक साधारण मीटरभर पुढे आहे असं धरलं, तर त्रिकोणाच्या गणितानं त्या टोकाला हलायला मिळतात 0.45 मिलिमीटर. उभ्यानं नेम धरताना लक्ष्य 115 मिलिमीटरचं असतं, पण तिथेही सूट 1.15 मिलिमीटरच्या पुढे जात नाही. आणि हे करायचं असतं बर्फाच्या चढउतारांवरून जीव तोडून स्कीइंग करत आल्यावर, हृदय मिनिटाला 170-180 ठोके देत असताना.

अव्वल बायथलॉनपटू हे सहसा किशोरवयापासून शिकत आलेले असतात. जर्मनीच्या डेनीस हेरमाननं त्याची सुरुवात वयाच्या 27 व्या वर्षी केली.

डेनीसचा जन्म 20 डिसेंबर 1988 चा, सॅक्सनीतल्या श्लेमा गावचा. ती मूळची क्रॉस-कंट्री स्कीइंगची, म्हणजे बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींची खेळाडू. 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या 4 × 5 किलोमीटर रिले संघानं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा शेवटचा टप्पा तिचा होता. पदक हाती असलेली, वेगासाठी ओळखली जाणारी खेळाडू 2016 मध्ये तो खेळ सोडते आणि पाठीवर रायफल घेऊन नव्या खेळात पहिल्या इयत्तेत बसते, हे धाडसच होतं. असं करणारी ती पहिली नव्हती. तिच्याच देशाची काटी विल्हेल्म 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्रीत उतरली होती आणि पुढच्याच, 2002 च्या ऑलिंपिकमध्ये तिनं बायथलॉनचं सुवर्ण जिंकलं. पण विल्हेल्म तेव्हा विशीच्या सुरुवातीला होती.

डेनीसकडे आधीपासून काय होतं? एक असाधारण हृदय. वर्षानुवर्षं सहनशक्तीचा सराव करणाऱ्यांचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं आणि श्रम थांबताच त्याची गती झपाट्यानं खाली येते. बायथलॉनमध्ये हा दुसरा गुण फार मोलाचा. नेमबाजीच्या ठिकाणी पोहोचल्यापासून पाच गोळ्या झाडून निघेपर्यंत अव्वल खेळाडूला जेमतेम अर्धा मिनिट लागतो. तेवढ्या वेळात हृदयगती बरीच उतरते, पालथं पडल्यावर तर उभ्यापेक्षा अधिक, कारण आडव्या शरीरात रक्त हृदयाकडे सहज परततं.

तरी हृदयगती शांत बसलेल्या माणसाच्या पातळीवर येत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. प्रत्येक ठोक्याला हृदयातून उसळणारं रक्त सगळ्या शरीराला बारीकसा झटका देतं. ऑलिंपिकच्या 50 मीटर रायफल प्रकारातले नेमबाज दोन ठोक्यांमधल्या शांत क्षणात गोळी सोडायला शिकतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसळेनं 2024 मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्य मिळवलं तो हाच. अंतर तेच 50 मीटर, काडतूसही तेच .22 चं. त्याचं दहा गुणांचं वर्तुळ तर फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं, पण त्याचं हृदय शांत असतं, जाड आधार देणारं जाकीट अंगात असतं आणि हाताशी वेळ असतो. मिनिटाला 170 ठोके पडत असतील, तर एक अख्खा ठोका 0.35 सेकंदात संपतो. त्यात शांत क्षण शोधायचा कुठे? पालथं पडल्यावर रायफल दंडाला पट्ट्यानं जखडलेली असते. त्यानं हात स्थिर होतो खरा, पण दंडातल्या धमनीची धडधड त्याच पट्ट्यातून रायफलीत उतरते.

म्हणून बायथलॉनपटू ठोक्यांऐवजी श्वासाला धरून गोळी सोडतात. एक-दोन खोल श्वास, अर्धा उच्छ्वास, मग क्षणभराची नैसर्गिक थांबण. त्या थांबणीत ट्रिगरवरचा दाब पूर्ण होतो. नियमानुसार ट्रिगर किमान 500 ग्रॅम दाबाचा असावा लागतो. अनुभवी बोट त्यातला बराचसा दाब आधीच घेऊन ठेवतं आणि शेवटचा अंश नेम जुळताच देतं. दोन गोळ्यांत दोन-तीन सेकंदांचं अंतर. रायफल आपोआप भरणारी चालत नाही, प्रत्येक वेळी बोल्ट हातानं ओढायचा. दुर्बीणही नाही, एका बारीक छिद्रातून पाहायचं. गोळीला लक्ष्यापर्यंत जायला साधारण 0.15 सेकंद लागतात, तेवढ्यात वारा तिला बाजूला सरकवू शकतो, म्हणून बावट्यांकडे पाहून नेमाचं यंत्र सुधारून घ्यायचं.

उभ्यानं नेम धरणं याहून अवघड. शरीराचा गुरुत्वमध्य उंचावर, आधार दोन पावलांचा आणि मांड्या दमून थरथरत असतात. किमान साडेतीन किलोची रायफल पट्ट्याच्या आधाराशिवाय, कोपर बरगडीला किंवा कमरेला टेकवून पेलायची. नळीचं टोक स्थिर ठेवणं आणि ट्रिगर दाबताना ते बिघडू न देणं, चांगल्या-वाईट नेमबाजीतला फरक मुख्यतः या दोन गोष्टींवर ठरतो. टोकाची हालचाल पडद्यावर रेषेसारखी दाखवणारी उपकरणं आता सरावात वापरतात, त्यामुळे गोळी नेमकी का हुकली हे दिसतं.

नजरेचाही एक भाग आहे. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा दीर्घकाळ अभ्यास केला. कृती सुरू होण्याआधी लक्ष्यावर शेवटची जी नजर खिळते, तिचा कालावधी त्यांनी मोजला. बायथलॉनपटूंवर केलेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शारीरिक श्रम आणि मानसिक दडपण दोन्ही वाढवल्यावर बहुतेकांचा नेम घसरला. ज्या थोड्यांनी त्या अवस्थेत नजर उलट अधिक वेळ खिळवून ठेवली, ते तरले. ही नजर सरावानं कमावता येते.

हे सगळं सत्ताविसाव्या वर्षी कमावता येतं का? नवं शारीरिक कौशल्य लहानपणीच शिकावं लागतं, असा एक पक्का समज आपल्याकडेही आहे. लहानपणी सुरू केल्याचा फायदा खोटा नाही, वर्षं जास्त मिळतात. पण हालचाली सुधारत नेणारं अनुमस्तिष्क आणि त्या सवयीच्या करणारी मेंदूची इतर केंद्रं प्रौढ वयातही काम करत राहतात. त्यांना हवी असते मुबलक पुनरावृत्ती आणि प्रत्येक वेळी काय चुकलं याची तत्काळ खबर. त्यासाठी बायथलॉनपटू घरी गोळीविना सराव करतात: भिंतीवर छोटं लक्ष्य, रिकामी रायफल, तीच स्थिती, तोच श्वास, तोच ट्रिगर, पुन्हा पुन्हा. दुसरी अट अशी की दमलेल्या शरीरात वापरायचं कौशल्य दमलेल्या शरीरातच पक्कं करावं लागतं. आरामात शिकलेला नेम धाप लागल्यावर तसाच हाती येत नाही, म्हणून वेगवान फेऱ्या आणि गोळीबार आलटून-पालटून चालतात.

डेनीसची प्रगती वेगानं झाली, सरळ रेषेत मात्र नाही. डिसेंबर 2017 मध्ये स्वीडनमधल्या ऑस्टरसुंडला तिनं विश्वचषकातली पहिली शर्यत जिंकली आणि दोनच दिवसांनी दुसरी. दोन महिन्यांनी प्योंगचँग ऑलिंपिकमधून ती पदकाविना परतली. मार्च 2019 मध्ये पुन्हा ऑस्टरसुंड. हे गाव हिवाळी खेळांच्या शास्त्रीय अभ्यासाचं मोठं केंद्र आहे, मिड स्वीडन विद्यापीठाचं संशोधन केंद्र इथलंच. तिथे परस्यूट शर्यतीत, म्हणजे आधीच्या शर्यतीतल्या वेळेच्या फरकानं खेळाडू एकामागून एक निघतात त्या प्रकारात, ती जगज्जेती झाली, आणि तिसरी आली तिचीच देशभगिनी, आदल्या वर्षी दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेली लॉरा डालमायर.

तोवर एक आक्षेप मात्र उभा होता: हिचा वेग चुका झाकतो. तो निराधार नव्हता. स्प्रिंट या छोट्या शर्यतीत किंवा परस्यूटमध्ये एक गोळी चुकली की 150 मीटरची दंडफेरी, म्हणजे सुमारे 22 ते 25 सेकंद. अतिशय वेगवान खेळाडू तेवढं बर्फावर भरून काढू शकते. 15 किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीत ही सोय नसते. तिथे 20 गोळ्या आणि प्रत्येक चुकीला सरळ एक मिनिट. वेगावर भिस्त ठेवणाऱ्यांना हा प्रकार नडतो.

7 फेब्रुवारी 2022, बीजिंग ऑलिंपिक, हीच 15 किलोमीटरची वैयक्तिक शर्यत. झांगजियाकोऊचा ट्रॅक समुद्रसपाटीपासून 1,600 मीटरहून उंच, हवा विरळ आणि बोचरी थंड. डेनीसनं 20 पैकी 19 लक्ष्यं पाडली. फ्रान्सची अनाईस शेव्हालिए-बुशे अवघ्या 9.4 सेकंदांनी मागे राहिली, नॉर्वेची मार्टे ओल्सबू रोईसेलँड तिसरी. आणखी एक गोळी चुकली असती, तर सुवर्ण गेलंच होतं. तिच्या कारकिर्दीतली मला सर्वांत मोठी वाटणारी शर्यत हीच, कारण ती नेमानं जिंकलेली आहे. पुढे रिलेचं कांस्यही आलं, आणि दोन वेगळ्या खेळांत ऑलिंपिक पदकं तिच्या नावावर झाली.

फेब्रुवारी 2023 मध्ये जागतिक स्पर्धा जर्मनीतच, थुरिंगियातल्या ओबरहोफला होती. घरचे प्रेक्षक पाडलेल्या प्रत्येक लक्ष्यावर गर्जना करतात, आणि चुकलेल्या गोळीवर उमटणारा सुस्काराही नेमबाजाच्या कानी पडतो. आता लग्नानंतर हेरमान-विक या नावानं खेळणाऱ्या डेनीसनं स्प्रिंटमध्ये दहापैकी दहा लक्ष्यं पाडून सुवर्ण घेतलं. परस्यूट आणि रिलेमध्ये रौप्यपदकंही मिळवली. तो मोसम संपताच, वयाच्या 34 व्या वर्षी, तिनं रायफल खाली ठेवली.