सिग्नलला बंद पडणारी ऑटोमॅटिक गाडी

शेवरोले सेलेब्रिटी, पॉन्टिअक ६०००, ब्युइक सेंच्युरी आणि ओल्ड्समोबिल कटलस सिएरा या चार अमेरिकन गाड्या १९८२ च्या मॉडेल-वर्षापासून जनरल मोटर्सने एकाच सांगाड्यावर बांधल्या. त्यांपैकी अनेकींत २.५ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि टर्बो हायड्रामॅटिक १२५सी हा तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असे. आज या गाड्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडे आढळतात, आणि त्यांच्याबाबत एक तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा ऐकू येते. गाडी महामार्गावर बराच वेळ सुरळीत चालते, पण खाली उतरून पहिल्या सिग्नलला थांबता थांबता हिसका देते आणि इंजिन बंद पडते. चावी फिरवली की ते लगेच सुरूही होते.

अशा वेळी बहुतेक जण आधी स्पार्क प्लग बदलतात, मग पेट्रोल फिल्टर आणि मग पंप. खर्च वाढत जातो, दोष मात्र तसाच राहतो. इंजिन का बंद पडते, यापेक्षा ते नेमके केव्हा बंद पडते हा प्रश्न आधी विचारला, तर यातला बराचसा खर्च वाचतो.

ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये असताना उभी राहू शकते, याचे श्रेय टॉर्क कन्व्हर्टरला जाते. जर्मन अभियंता हेर्मान फॉटिंगर यांनी १९०५ मध्ये जहाजांसाठी ज्या तत्त्वाचे पेटंट घेतले, त्याच तत्त्वावर तो चालतो. इंजिनाला जोडलेली पाती तेल फेकतात आणि ते तेल गिअरबॉक्सकडची पाती फिरवते, पण दोन्हींमध्ये घट्ट जोड नसतो. गिअरबॉक्सकडची पाती थांबलेली असताना तेलामुळे इंजिनावर पडणारा भार इंजिनाच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला २,६०० फेऱ्यांना तो जितका असेल, त्याचा केवळ सोळावा हिस्सा ६५० फेऱ्यांना उरतो. म्हणूनच ब्रेक दाबून उभ्या असलेल्या गाडीत इंजिन आरामात फिरत राहते.

मात्र तेलाच्या जोडात थोडी घसरण कायम राहते, आणि घसरण म्हणजे वाया गेलेले पेट्रोल. अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्याने मोटार कंपन्यांना १९८५ पर्यंत सरासरी गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ११.७ किलोमीटर, हे लक्ष्य घालून दिले. त्यानंतर कन्व्हर्टरमध्ये लॉक-अप क्लच बसवणे सर्रास झाले. (कल्पना मुळात नवी नव्हती; पॅकार्डने १९४९ मध्येच ती वापरली होती.) गाडी वेगात असताना संगणक एका सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपेला, वीज देतो, सोलेनॉइड तेलाची निचऱ्याची वाट बंद करतो, तेलाचा दाब वाढून एक व्हॉल्व्ह सरकतो आणि क्लचची चकती कन्व्हर्टरच्या कवचाला चिकटते. तेवढ्या काळापुरती ही गाडी क्लच न दाबलेल्या साध्या गिअरच्या गाडीसारखी होते. वीज तोडल्यावर निचऱ्याची वाट उघडली नाही, तर चकती चिकटलेलीच राहते, आणि चाके थांबली की इंजिनालाही थांबणे भाग पडते.

वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि तेलातल्या बारीक कचऱ्याने सोलेनॉइड अडकतो. तेल थंड असताना तो बहुधा नीट काम करतो, म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दोष दिसत नाही. गाडीच्या संगणकाकडूनही फारशी मदत होत नाही. डॅशबोर्डखालच्या बारा खाचांच्या जोडणीतील ए आणि बी ही टोके तारेने जोडून, इंजिन सुरू न करता चावी ‘ऑन’वर फिरवली, तर ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकत आधी १२ हा आकडा तीनदा दाखवतो आणि मग नोंदलेले दोष सांगतो. तेथे २४ आला, तर वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे वळावे, कारण लॉक-अपचा निर्णय त्याच्या संकेतावरही अवलंबून असतो. पण संगणकाला विजेचा हिशेब कळतो. तेलाच्या वाटेत अडकलेला सोलेनॉइड त्याला दिसत नाही.

खरी परीक्षा रस्त्यावरच होते. इंजिन आणि तेल पूर्ण तापल्यावर, मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगात, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल अगदी हलके दाबावे. सोलेनॉइडची वीज ब्रेक पेडलवरच्या स्विचमधून जाते, त्यामुळे पेडल हलताच लॉक-अप सुटून इंजिनाच्या फेऱ्या किंचित वाढायला हव्यात. त्या वाढल्या नाहीत आणि पुढे थांबताना गाडीने हिसका दिला, तर संशय बळावतो. मग गाडी उभी करून गिअरबॉक्सवरची सोलेनॉइडची विजेची जोडणी काढावी, तेल पुरते थंड होऊ द्यावे आणि तोच रस्ता पुन्हा कापावा. या वेळी इंजिन बंद पडले नाही, तर दोष लॉक-अपमध्येच आहे.

तरीही सोलेनॉइड विकत घेण्याआधी व्होल्टमीटर काढलेला बरा. ब्रेक दाबल्यावर जोडणीवरचे १२ व्होल्ट शून्यावर यायला हवेत. ते आले नाहीत, तर दोष पेडलवरच्या स्वस्त स्विचमध्ये असू शकतो आणि गिअरबॉक्सला हात लावण्याची गरज नाही. जोडणी काढून ठेवूनच गाडी वर्षानुवर्षे चालवणारेही आहेत; पेट्रोल थोडे जास्त लागते, पण सततच्या घसरणीने गिअरबॉक्सचे तेल अधिक तापते, म्हणून तो कायमचा इलाज मानू नये.

लक्षणे वेगळी असतील, तर वाटही वेगळी. थांबताना नव्हे, तर उभ्या गाडीत न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये टाकताच इंजिन दबून बंद पडत असेल, तर आयडलिंगची (ॲक्सिलरेटर न दाबता फिरणाऱ्या इंजिनाची) हवा कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह काजळीने अडला आहे का, ते पाहावे; वाढलेला भार सांभाळायला तोच जास्त हवा सोडतो. कुठल्याही वेगात, तापल्यावर अचानक बंद पडून थंड झाल्यावरच सुरू होणाऱ्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगांना स्पार्क वाटून देणाऱ्या भागातल्या) इग्निशन मॉड्यूलवर, म्हणजे स्पार्क नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागावर, संशय घ्यावा, आणि बंद पडल्या क्षणीच प्लगला स्पार्क येतो का हे तपासावे.

सोलेनॉइड बदलताना गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. बाजूचे झाकण काढून तो हाती लागतो. झाकण उघडलेच आहे, तर लॉक-अपचा व्हॉल्व्ह आपल्या खोबणीत मोकळा सरकतो का, तेही पाहावे आणि तेल व फिल्टर दोन्ही बदलावेत. तळाशी काळी बारीक पूड असेल तर चिंतेचे कारण नाही, पण धातूच्या चकाकणाऱ्या कपच्या निघाल्या, तर नव्या सोलेनॉइडवर खर्च करण्याआधी संपूर्ण गिअरबॉक्सची तपासणी करून घ्यावी.