दाखला कुणाचा?

मराठीत ‘दाखला’ दोन जण देतात, इतिहासकार आणि तहसीलदार. गेल्या दोन-तीन वर्षांत सोलापूर जिल्ह्यात हे दोन दाखले एकाच टेबलावर आले. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठ्यांना कुणबी दाखला देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. काम आधी मराठवाड्यापुरतं होतं, मग राज्यभर वाढलं. रेकॉर्ड रूममधली कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, बाहेर निघाली. जुनी पानं मोडीत, त्यामुळे शोधाशोध सुरू झाली ती मोडी वाचणाऱ्याची. तो जातीच्या रकान्यावर बोट ठेवून वाचणार, कारकून टिपून घेणार. त्या काळी तो शब्द जात सांगत होता की धंदा, हे विचारणं इतिहासकाराचं काम. पण त्याला तिथे बोलावतो कोण?

सरकारची ही खोड जुनी. १८५२ च्या कायद्याने इंग्रजांनी सारामाफीच्या जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनला बळ दिलं आणि दख्खनच्या इनामदारांकडे सनदा मागितल्या. त्यांचे दावे पेशवे दफ्तराशी ताडले जात. कागद जुळला तर इनाम टिकलं, नाहीतर जमिनीवर सारा बसला. त्यामुळे ते दफ्तर सरकारने तिजोरीसारखं सांभाळलं. अभ्यासकाला दार सहजी उघडत नसे. न जाणो, त्यातूनच कुणी उद्या हक्क सांगत यायचं! इतिहासकार गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड निघू लागले ते थेट १९३० साली.

सोलापूरला याहून मोठा चटका बसला तो सेटलमेंटचा, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कोंडण्याच्या वसाहतीचा. १८६० मध्ये इथे रेल्वे आली. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून पोट भरणाऱ्यांचा धंदा अशा रेल्वेमुळे मुलखभर बसत गेला. भटकणाऱ्यांची ही बाजू कुणी मांडली असती, तर कदाचित धोरण वेगळं झालं असतं. कदाचितच. प्रत्यक्षात १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही आला आणि सोलापुरात तारेचं कुंपण उभं राहिलं. आत हजेरी, बाहेर गिरणीतली पाळी. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. रिक्षावाल्याला नुसतं ‘सेटलमेंट’ म्हटलं, की आजही पुढचा पत्ता सांगावा लागत नाही.