‘आप जैसा कोई’ : लंडनचं गाणं, मंडईचा भोंगा

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात साकोली-लाखांदूरकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. दिवसा दंडार हा लोकनाट्याचा खेळ, रात्री नाटक, आणि पडदा उघडेपर्यंत भोंग्यावर गाणी. त्यात ‘आप जैसा कोई’ अजून असतंच. पोट्टे नव्हे, नातवंडं झालेली माणसं साउंडवाल्याला सांगतात, “लाव ना गा ते कुर्बानीचं.”

बहुतेकांच्या लेखी हे झीनत अमानचं गाणं. पडद्यावर तीच आहे. गळा मात्र नाझिया हसनचा. १९६५ साली कराचीत जन्मलेली ही मुलगी गाणं झालं तेव्हा लंडनमध्ये शाळेत जात होती. ‘कुर्बानी’चे निर्माते-दिग्दर्शक फिरोज खान यांना ती तिथल्याच एका पार्टीत भेटली. त्यांनी तिची गाठ संगीतकार बिद्दूशी घालून दिली.

हा बिद्दू म्हणजे बेंगळुरूचा पोरगा. पाश्चात्त्य गाणी म्हणता म्हणता १९६०च्या दशकाअखेरीस लंडनला पोहोचला. १९७४ साली गायक कार्ल डग्लसकडून एक गाणं ध्वनिमुद्रित करून घेतलं, तबकडीची मागची बाजू रिकामी होती म्हणून उरलेल्या काही मिनिटांत ‘कुंग फू फायटिंग’ उरकलं. गाजलं ते मागचंच! ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं.

‘कुर्बानी’चं बाकी संगीत कल्याणजी-आनंदजींचं, हे एकच गाणं बिद्दूचं. शब्द इंदीवर यांचे. ‘चंदन सा बदन’ लिहिणाऱ्या हातानेच हेही लिहिलं, हे मला अजून गमतीचं वाटतं. नाझियाचा आवाज कोवळा, किंचित नाकातला. लता-आशाच्या सवयीच्या कानाला तो कच्चाच वाटला असता. बिद्दूने तिचा तोच आवाज पुन्हा घेऊन एकावर एक बसवला. ऐकताना एकच मुलगी दोन ठिकाणांहून गातेय असं वाटतं ते त्यामुळे.

१९८० साली चित्रपट आला. पुढच्याच वर्षी, पंधराव्या वर्षी, नाझियाला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर मिळाला. १९८१मध्येच भाऊ झोहेबसोबतचा ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आला, संगीत-निर्मिती बिद्दूचीच. १३ ऑगस्ट २००० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ती लंडनमध्ये गेली. वय अवघं ३५.

आमच्याकडच्या वरातीतले बँडवालेही हे गाणं वाजवतात. क्लॅरनेटवर चाल बरोबर उतरते, तरी ते गाणं वाटत नाही. एक तर दुहेरी आवाज कुठून आणणार? दुसरं, डिस्कोचा ठोका चारही मात्रांवर सारखा पडतो, ना तोड ना उठाव. आमचा ढोलवाला दोन ओळी कसाबसा दम धरतो, मग घसरतो आपल्या नेहमीच्या वरातीच्या ठेक्यावर, आणि पोट्टे खरे तिथून नाचायला लागतात.