ओ'कीफ यांची मैदानी चित्रे

अमेरिकन चित्रकर्ती जॉर्जिया ओ'कीफ (१८८७–१९८६) यांनी वायव्य टेक्सासच्या सपाट, वृक्षहीन गवताळ पठारावर केलेली चित्रे. बहुतेक जलरंगांत असून सामान्यतः १९१६ ते १९१८ या काळातील मानतात. विस्कॉन्सिनमधील सन प्रेअरी गावाजवळ जन्मलेल्या ओ'कीफ १९१२–१४ मध्ये अ‍ॅमरिलोच्या शाळांत चित्रकला शिकवीत. १९१६ मध्ये त्या जवळच्याच कॅन्यन येथील अध्यापक महाविद्यालयात आल्या. तेथला सोसाट्याचा वारा आणि मोकळा माळ त्यांना उतारवयातही आठवत असे.

‘लाइट कमिंग ऑन द प्लेन्स’ (१९१७) ही तीन चित्रांची मालिका साध्या न्यूजप्रिंटवर (वर्तमानपत्राच्या कागदावर), जवळजवळ एकट्या निळ्या रंगात आहे. तळाशी जमिनीची काळसर पट्टी, तीवर उजाडत्या आकाशाचा घुमट. झाड, घर, कुंपण काही नाही. ‘ईव्हनिंग स्टार’ मालिकेत पिवळ्या ताऱ्याभोवती लाल वेटोळे येते. काही चित्रांत दोन रंगांमध्ये कागदाची कोरी रेघ राखली आहे. काहींत ओले रंग एकमेकांत उतरू दिले आहेत.

या शैलीचे मूळ वादग्रस्त आहे. काही अभ्यासक ते अमेरिकन कलाशिक्षक आर्थर वेस्ली डाऊ यांच्या जपानी वळणाच्या रचनाशिक्षणात, तर काही अमूर्त चित्रकलेचे रशियन प्रवर्तक कँडिन्स्की यांच्या लेखनात शोधतात. ओ'कीफ डाऊंच्या विद्यार्थिनी होत्या आणि कँडिन्स्कींचे लेखनही त्यांनी वाचले होते. तथापि क्षितिजाची रेघ व मोठे आकाश एवढेच समोर असलेल्या प्रदेशात अमूर्ताकडे जायला फार ओढाताण लागत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ओ'कीफ चित्रांवर सही वा तारीख क्वचितच घालीत. त्यामुळे कालनिश्चिती व कर्तृत्व दोन्ही नाजूक ठरतात. ‘कॅन्यन स्वीट’ नावाने पुढे आलेली २८ जलरंगचित्रे याच काळातील समजून कॅन्सस सिटीच्या केंपर संग्रहालयासाठी घेतली गेली. १९९९ च्या अधिकृत चित्रसूचीने कागदाच्या तपासणीनंतर ती वगळली आणि विक्रेत्याने रक्कम परत केली. या काळाविषयीचे जुने विवेचन त्यामुळे जपूनच वापरावे लागते.

१९१८ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या. ‘फ्रॉम द प्लेन्स’ (१९१९) हे तैलचित्र वासरांसाठी हंबरणाऱ्या गुरांच्या आवाजाच्या आठवणीतून आल्याचे त्यांनी पुढे सांगितले. १९५३–५४ मध्ये हाच विषय त्यांनी मोठ्या कॅनव्हासवर पुन्हा घेतला. ‘लाइट कमिंग’ मालिका फोर्टवर्थच्या एमन कार्टर संग्रहालयात आहे.