तिचं बाळ चालायला लागलं, माझं अजून नाही: आया आयांच्यातल्या तुलनेचं विज्ञान

संध्याकाळी सोसायटीच्या बागेत बाळाला घेऊन उतरलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कितवा महिना?" आणि लगेच दुसरा, "मग चालतो का?" विचारणारीच्या मनात काही वाईट नसतं, तिलाही कुणीतरी हेच विचारलेलं असतं, पण जिचं बाळ चौदा महिन्यांचं आहे आणि अजून सोफा धरूनच उभं राहतंय तिच्या पोटात खड्डा पडायचा तो पडतोच. घरी पोचेपर्यंत तिने मनात सगळी यादी काढलेली असते, मालिश नीट झाली नाही, नाचणीचं सत्त्व उशिरा चालू केलं, ऑफिस लवकर जॉईन केलं, कडेवरच जास्त घेतलं, आणि यादीच्या शेवटी एकच, मीच कुठेतरी कमी पडतेय.

आता फक्त या एका प्रश्नापुरते आकडे बघूया. जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 मध्ये ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांत साधारण साडेआठ हजार मुलांचा अभ्यास केला, भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. मुद्दाम अशीच मुलं निवडली जी निरोगी होती, आईच्या दुधावर होती आणि बऱ्या परिस्थितीत वाढत होती, म्हणजे सगळं नीट असताना मूल कसं वाढतं ते कळावं. यातल्या पाच देशांत मुलं कधी बसतात, रांगतात, चालतात याचीही नोंद ठेवली. त्यात आधार न घेता चालण्याचा काळ निघाला 8.2 महिने ते 17.6 महिने. शंभरातली 98 मुलं या दोन टोकांच्या मध्ये कधीतरी चालली. म्हणजे एक बाळ नवव्या महिन्यात चालेल, शेजारचं सतराव्या महिन्यात, आणि दोन्ही नॉर्मल. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने. रांगण्याची तर गंमतच आहे, साधारण 4 टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, सरळ पुढच्या टप्प्यावर गेली, त्यांच्या आयांना "अगं रांगला कसा नाही?" हे किती जणींनी विचारलं असेल देव जाणे.

सवाआठ ते साडेसतरा महिने, हा रुंदपणा कुणी आपल्याला सांगत नाही. आपल्याला सांगतात "वर्षाचं झालं की चालतं". तो झाला साधारण मधला आकडा, आणि मधला म्हटलं की निम्मी मुलं त्याच्या नंतरच चालणार, पण आपण ती शेवटची तारीख असल्यासारखी धरून बसतो.

वजनाचंही तेच. "बाळसं नाही धरलं गं" हे वाक्य ज्या आईने ऐकलंय तिला ते पोराच्या लग्नापर्यंत आठवतं. याच अभ्यासावरून 2006 साली वाढीचे तक्ते निघाले, आपल्या अंगणवाडीतही त्यावरच वजन नोंदवतात. त्यात वर्षाच्या मुलाचं मधलं वजन 9.6 किलो आहे, पण अगदी 7.7 पासून 12 किलोपर्यंत सगळं नेहमीच्या कक्षेत धरतात. मुलीचं मधलं 8.9, कक्षा 7 ते 11.5. चार किलोंहून जास्त फरक! वर्षाच्या बाळात चार किलोंचा फरक म्हणजे एक बाळ दुसऱ्याच्या दीडपट दिसणार, आणि तरी दोन्ही निरोगी असू शकतात. रिपोर्टवर 15 पर्सेंटाइल लिहिलेलं बघून रडायला आलेल्या आया मी बघितल्यात, कारण आपल्याला ते शंभरपैकी 15 मार्क वाटतात. त्याचा अर्थ एवढाच की शंभर निरोगी मुलं वजनाप्रमाणे रांगेत उभी केली तर 15 मुलं तुमच्या बाळाच्या अलीकडे, म्हणजे त्याच्याहून हलकी आहेत. रांगेत कुणीतरी तिथे असणारच. डॉक्टर बघतात ते बाळ स्वतःच्या रेषेवर वाढतंय का, मागच्या महिन्यापेक्षा आणि त्याच्या मागच्या महिन्यापेक्षा. शेजारच्या बाळाचा आकडा त्या कार्डावर कुठेच नसतो.

मग एवढं सगळं असूनही आपण तुलना का करतो? लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 साली यावर एक लेख लिहिला आणि आजही सगळे तिथूनच सुरुवात करतात. त्याचं म्हणणं असं की माणसाला स्वतःला जोखायची गरज असते, आपण कुठे आहोत हे कळल्याशिवाय चैन पडत नाही, आणि जिथे मोजायला ठोस साधन नसतं तिथे माणूस दुसऱ्या माणसाकडे बघतो. उंची टेपने मोजता येते, धावण्याचा वेग घड्याळाने, पण "मी चांगली आई आहे का" हे मोजायला काय आहे? काही नाही. निकाल वीस वर्षांनी, तोही धड लागत नाही. त्यामुळे आई बिचारी आजूबाजूला बघते. फेस्टिंगरचा दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आपण तुलना कुणाशीही करत नाही, आपल्यासारख्याच माणसाशी करतो. एखाद्या नटीच्या घरी चार नॅनी आहेत याचं आपल्याला फार वाटत नाही, पण आपल्याच वयाची, आपल्याच बिल्डिंगमधली, तशीच नोकरी करणारी, महिन्याभराच्या फरकाने बाळंत झालेली मैत्रीण जेव्हा म्हणते "आमचा रात्रभर झोपतो हं आता", तेव्हा ते थेट लागतं. म्हणजे ही तुमच्या स्वभावातली जळकी वृत्ती वगैरे काही नाही, माणसाचं डोकं असंच चालतं.

गडबड तिथे होते की दिसतं काय आणि किती. स्वतःच्या घरातले चोवीस तास आपल्याला माहीत असतात, दुसरीच्या घरातली पाच मिनिटं. शाळेच्या ग्रुपवर एकीने डब्याचा फोटो टाकला, बीटरूटची पुरी, काकडीची फुलं कापलेली. दुसरीचा मुलगा श्लोक म्हणतोय असा व्हिडिओ. तिसरी कधी आवाज चढवत नाही म्हणून सगळ्यांना माहीत. चौथी नोकरी सांभाळून सकाळी पाचला उठून योगा करते. आणि रात्री आडवं पडल्यावर आपण या चौघींची मिळून एक बाई तयार करतो आणि तिच्याशी स्वतःला ताडून बघतो. ती बाई कुठल्याच फ्लॅटमध्ये राहत नाही. डबेवालीचं पोर तो डबा खातं का, श्लोकवाल्या घरात त्या एका व्हिडिओआधी काय रडारड झाली, हे फोटोत येतच नाही. अमेरिकेत 2017 मध्ये सारा कॉइन आणि सहकाऱ्यांनी आयांना याबद्दलच विचारलं होतं, सोशल मीडियावर इतर पालकांशी जास्त तुलना करणाऱ्या आयांमध्ये आईपणाचं ओझं वाटणं जास्त, स्वतःच्या पालकत्वावरचा विश्वास कमी आणि नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. अर्थात एवढ्यावरून तुलनेमुळेच खचतात असं सिद्ध होत नाही, आधीच खचलेली बाईसुद्धा जास्त तुलना करत असेल, आणि मला वाटतं दोन्ही होतं, एक दुसऱ्याला खतपाणी घालतं.

अजून एक गोष्ट आहे जी आयांना कुणीतरी बाळंतपणाच्या दवाखान्यातच सांगायला हवी. बाळं मुळातच वेगवेगळी जन्माला येतात. 1956 साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवरा-बायकोंनी 133 मुलांचा जन्मानंतरच्या काही महिन्यांपासून अभ्यास सुरू केला आणि मुलं मोठी होईपर्यंत तो चालू ठेवला. त्या काळात मूल हट्टी असो, झोपत नसो, काही असो, दोष आईचा असं डॉक्टरसुद्धा सर्रास म्हणायचे, आणि या दोघांना तेच पटत नव्हतं. त्यांना दिसलं की अगदी लहान वयातच साधारण 40 टक्के मुलं सोपी असतात, वेळेवर झोप, वेळेवर भूक, नवीन माणसाकडे हसत जाणारी. 10 टक्के अवघड, झोपेभुकेचा पत्ता नाही, रडणं जोरात, नवीन काही नको. 15 टक्के सावकाश रुळणारी. उरलेली मिश्र. आता विचार करा, जिच्या पदरात ते 40 टक्क्यांमधलं बाळ पडलं ती म्हणते "आम्ही पहिल्यापासून रूटीन लावलं ना", ती खोटं बोलत नाहीये, तिला खरंच तसं वाटतं. आणि जिच्या पदरात 10 टक्क्यांमधलं पडलं तिने तेच रूटीन लावलं, तसंच लाइट बंद करून अंगाई म्हटली, आणि पहाटे तीनला ती अजून खांद्यावर बाळ घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारतेय. मेहनत कुणाची जास्त झाली? पण शाबासकी कुणाला मिळते तेही आपल्याला माहीत आहे.

आईवर सगळं ढकलायची ही सवय विज्ञानालाही होती हे लपवण्यात अर्थ नाही. ऑटिझम आईच्या थंडपणामुळे होतो असं विसाव्या शतकाच्या मध्यात नावाजलेले तज्ज्ञ म्हणत होते, हजारो आयांनी ते ओझं वाहिलं, आणि ते साफ चुकीचं होतं. मला हे वाचलं की अजूनही चीड येते.

बरं, पण आई "कशी" आहे याने काही फरक पडतच नाही का? पडतो. फक्त आपल्याला वाटतं त्या जागी नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा 1970 च्या दशकातला प्रयोग यासाठी बघण्यासारखा आहे. बाळ समोर खुर्चीत, आई त्याच्याशी खेळतेय, बोलतेय, हसतेय. मग तिला सांगितलं जातं की दोन-तीन मिनिटं चेहरा एकदम निर्विकार ठेव, काही प्रतिसाद देऊ नकोस. बाळाला काही सेकंदांत कळतं. ते आधी हसून बघतं, मग बोट दाखवतं, मग हात पुढे करतं, ओरडतं, शेवटी मान फिरवतं, रडायला लागतं. मग आई परत नेहमीसारखी होते आणि थोड्या वेळात दोघांचं पुन्हा जुळतं. हा प्रयोग वाचून कित्येक आयांना भीती बसते, की मी मोबाइल बघत होते तेव्हा असंच झालं असेल. पण ट्रॉनिक यांच्याच कामातली दुसरी गोष्ट फार कमी सांगितली जाते. त्यांनी साध्या, रोजच्या, चांगल्या चाललेल्या आई-बाळांच्या खेळाचं बारकाईने निरीक्षण केलं तेव्हा दोघांचं सूर जुळलेलं असणं हे फक्त 30 टक्क्यांच्या आसपास वेळ होतं. बाकीचा वेळ काय? बाळाला खेळायचंय, आई तोंड पुसतेय. आई गाणं म्हणतेय, बाळ पंख्याकडे बघतंय. बिनसतं, मग जुळतं, परत बिनसतं. आणि बाळ शिकतं ते या बिनसून जुळण्यातूनच, की नातं तुटल्यासारखं वाटलं तरी परत जोडता येतं आणि जोडण्यात आपलाही हात असतो. ज्या आईला वाटतं की आपण निम्म्याहून जास्त वेळ चुकतोय, ती चांगल्या चाललेल्या आयांच्याच पंगतीत बसलेली आहे. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट हेच वेगळ्या वाटेने सांगत होते, की बाळाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली आई लागते, जी सुरुवातीला जवळजवळ सगळं पुरवते आणि मग हळूहळू बाळाला झेपेल तेवढी कमी पडत जाते. ते कमी पडणं वाढीचाच भाग आहे.

आणि एकटीने हे सगळं करणं हेही तसं नवीनच आहे. काँगोच्या जंगलात राहणाऱ्या बायाका लोकांचा एक अभ्यास 2023 मध्ये आला, तिथल्या बाळांना दिवसातले साधारण नऊ तास कुणाचा तरी स्पर्श किंवा लक्ष मिळत होतं, पण ते देणारी आई एकटी नव्हती, एकेका बाळामागे पंधरापर्यंत माणसं होती. मोठी भावंडं, मावश्या, आज्या, शेजारणी. आपल्याकडेही बाळंतपणाला माहेरी जायचं ते उगाच नव्हतं, सव्वा महिना तरी बाईला झोप मिळायची. आता हिंजवडीतल्या किंवा न्यू जर्सीतल्या फ्लॅटमध्ये सकाळी नऊला नवरा गेला की संध्याकाळपर्यंत एक बाई आणि एक बाळ, आणि त्या पंधरा जणांचं काम एकटीला जमलं नाही की ती म्हणते मीच कमी पडले. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 मध्ये आत्मविश्वास कुठून येतो यावर लिहिताना एक कारण शरीराचं सांगितलं होतं, अंग थकलेलं असलं, छाती धडधडत असली की माणूस त्याचा अर्थ "मला हे जमत नाहीये" असा लावतो. तीन महिने सलग चार तास झोप न मिळालेल्या बाईला जे वाटतं त्यात झोपेचा वाटा केवढा असेल! अशा वेळी सल्ला देण्यापेक्षा दोन तास बाळाला घेऊन खाली जाणारा माणूस जास्त उपयोगाचा, मग तो नवरा असो, सासू असो नाहीतर शेजारच्या काकू.

आता एक सीमारेषा मात्र स्पष्ट सांगायला हवी. तुलना टाळायची म्हणून सगळंच "होईल हळूहळू" म्हणून सोडायचं नाही. दीड वर्ष झालं आणि बाळ आधाराशिवाय चालत नसेल, आधी येत होतं ते येईनासं झालं असेल, किंवा वजनाची रेषा खाली खाली येत असेल तर सरळ बालरोगतज्ज्ञांना दाखवा, शेजारणीला विचारत बसू नका.

आणि आईचंही तेच. बाळंतपणानंतरचे पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं फार कॉमन आहे. पण मी वाईट आई आहे ही भावना दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसभर पाठ सोडत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, कशातच रस नसेल, तर ती प्रसूतीनंतरच्या नैराश्याची खूण असू शकते. ते तपासायला 1987 पासून जगभर वापरतात त्या दहा प्रश्नांतला एक प्रश्नच असा आहे, की काही बिघडलं की तुम्ही विनाकारण स्वतःला दोष देता का. भारतातल्या अनेक अभ्यासांचा 2017 मध्ये एकत्र हिशोब केला तर या नैराश्याचं प्रमाण 22 टक्के निघालं, म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 23 टक्के, आणि तिथे धोका वाढवणाऱ्या गोष्टी कुठल्या निघाल्या तर घरातली गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं नातं, मुलगी झाली म्हणून आलेला दबाव. यात आईच्या मायेचा काही संबंध नव्हता. उपचार आहेत आणि ते लागू पडतात. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नाहीतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला आपण दवाखान्यात जातोच, तिथे बाळाचं वजन होतं, उंची होते, पण आईला कशी आहेस हे बऱ्याचदा विचारायचं राहून जातं, तेव्हा आपणच डॉक्टरांना सांगायचं की मला सारखं असं असं होतंय, मला झोप नाही, मला रडू येतं, आणि सोबत आलेल्या माणसाने त्या वेळी बाळाला घेऊन बाहेर थांबायचं म्हणजे तिला नीट बोलता येईल.